‘पागे’ काही सापडेना

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. घरी अस्सल कोल्हापुरी बोलायची, पण मराठी पुस्तक हातात धरलं की चार पानांत डुलकी. तिशी उलटल्यावर करवीर नगर वाचन मंदिराची सभासद झाले. १८५० पासूनचं ग्रंथालय, आणि एवढी वर्षं मी त्याच्या दारावरून नुसती गाडी दामटत होते. पहिलंच पुस्तक उचललं ते शिवकाळावरची जाडजूड कादंबरी. खुमखुमी, दुसरं काय!

अडला शब्द की लगेच बघायचा, असं ठरवून बसले. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ ची दुसरी आवृत्ती) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही फुकट बघता येतात. तासाभरात तीन पानं झाली. तिकडे गडाला वेढा पडलेला आणि मी मोबाईलमध्ये! त्यात निम्मे शब्द मिळेनात. ‘घोडी पागेत बांधली’ असं वाक्य होतं. मी ‘पागेत’ टाकलं, मग ‘पागे’, मग ‘पाग’. भलतंच काहीतरी निघालं. बऱ्याच वेळानं डोक्यात उजेड पडला: शाळा-शाळेत, तसं पागा-पागेत. म्हणजे घोड्यांचा तबेला. शाळेत सामान्यरूपाचे मार्क घालवले होते, त्याची भरपाई अशी रात्री साडेअकराला झाली. कोशात मूळ शब्दच लागतो. प्रत्यय सोलून काढायचं काम आपलं.

मग पद्धत बदलली. पुस्तक ग्रंथालयाचं, त्यात पेन्सिल लावायची नाही. किराणाच्या बिलाची पाठकोरी चिठ्ठी खूण म्हणून ठेवली. तिच्यावर पान, शब्द आणि माझा अंदाज. प्रकरण संपेपर्यंत कोश उघडायचा नाही. वाचन एकदम सुटलं. एखादा शब्द चार पानांनी परत भेटायचा आणि आपोआप उलगडायचा. तो चिठ्ठीवरून खोडताना फार बरं वाटायचं.

पण अंदाज कसा दगा देतो बघा. राजा आजारी, वैद्य येऊन गेलेले, आणि रात्री दोन सरदार ‘खलबतखान्यात’ जातात. मी बिनधास्त लिहिलं: औषधं कुटायची खोली. खलबत्ता, खलबतखाना, सरळ हिशेब! पुढची दहा पानं मी त्या सरदारांना मनातल्या मनात सुंठ कुटायला लावली. कोशात बघितलं तर खलबत म्हणजे गुप्त मसलत, शब्द अरबीतून आलेला. खलबत्त्याशी सुतराम संबंध नाही. पन्हाळ्याच्या सज्जाकोठीत उभं राहून ‘इथं खलबतं चालायची’ हे मी गाईडच्या तोंडून निदान पाच वेळा ऐकलंय. कान बंद होते, एवढंच.

तेव्हापासून वहीत नुसता अर्थ उतरवत नाही. पुस्तकातलं वाक्य आणि त्याखाली घरातलं एक वाक्य. ‘मोगम’ असाच बसला. ‘बघू, जमलं तर’ म्हणणाऱ्या नवऱ्याला म्हटलं, ‘मोगम बोलू नका, किती वाजता येणार ते सांगा.’ तो चपापला. आता तोच शब्द माझ्यावर उलटवतो. जे शब्द असे कुणाच्या अंगावर टाकले नाहीत, ते वहीतच वाळले. ‘किनखाप’ मी तीनदा बघितलाय. जरीचं कापड, हे आत्ता लिहितानाही वही उघडून बघावं लागलं.

काही शब्दांना तर कोश लागलाच नसता. ‘बेगमी’ शोधून, लिहून, पाठ करून बसले, तर आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘पावसाळ्याची बेगमी झाली न्हाई अजून, तिखाट संपलंय.’

परवा रात्री मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. आजीनं विचारलं, ‘काय हुडकालीस गं मगाधरनं?’ पुण्यात नोकरीला असताना ‘हुडकणे’वरून ऑफिसात माझी टिंगल व्हायची, ‘शोधणे म्हण की’. म्हणून मुद्दाम तोच टाकून बघितला. निघाला की कोशात, ऐटीत! आजीला मोठ्यानं वाचून दाखवला.

तिनं चष्म्यावरून बघितलं. ‘मग? आमी काय खोटं बोलतोय व्हय?’