तारा बदलण्याआधी

सोमवार, रात्री

बेस गिटार वाजवणारा जेम्स जेमरसन आपल्या बेसच्या तारा बदलत नसे. तुटली तरच बदलायची, तीही तेवढी एकच. डेट्रॉइटला मोटाउन ह्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्याने जे बेस वाजवले, त्यांतला सगळ्यांत लाडका म्हणजे १९६२चा फेंडर कंपनीचा प्रिसिजन, ‘फंक मशीन’. ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, ०.०५२ ते ०.११० इंच. ब्रिजच्या, म्हणजे घोडीच्या, झाकणाखाली स्पंजचा तुकडा. अ‍ॅक्शन (तारांची फिंगरबोर्डपासूनची उंची) जास्त. आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी.

हाच बेस कुणी प्रेमाने ‘नीट करून’ दिला असता, म्हणजे नव्या चकचकीत तारा चढवल्या असत्या, स्पंज काढून टाकला असता, अ‍ॅक्शन खाली आणली असती, तर? उरला असता तो एक चांगला प्रिसिजन. फंक मशीन नव्हे.

वाद्यावर जीव जडतो तो कशावर, हे मला इथे दिसतं. लाकूड, रंग, नाव हे सगळं खरंच. पण बेसचा आवाज पुष्कळदा अशा गोष्टींत मुरलेला असतो ज्या दुरुस्तीवाला पहिल्या झटक्यात काढून टाकतो. त्यामुळे लाडक्या बेसला हत्यार लावण्याआधी त्याचा आवाज नेमका कुठे आहे ते शोधायचं.

तारांपासून सुरुवात करू. फ्लॅटवाउंडवर बाहेरून चपटी पट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे वरचे स्वरांश मुळातच कमी. घाम आणि हाताचा मळ वेटोळ्यांच्या फटींत बसला की तेही दबतात आणि मूळ स्वर भरीव होत जातो. म्हणून जुनी फ्लॅटवाउंड जपण्यात अर्थ आहे. गोल तार गुंडाळलेल्या राउंडवाउंडचं तसं नाही. तिच्या खाचांत मळ कमीजास्त भरतो, फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, घासून खालच्या बाजूला खळगे पडतात, आणि तार सुरातून जाते. तपासायला सोपं आहे: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहायचा. सॅडल (ब्रिजवरचा तारेचा आधार) न हलवता पूर्वी जुळणारे हे दोन स्वर आता जुळत नसतील, तर ती तार संपली. तिला स्वभाव म्हणून कुरवाळू नये.

मंगळवार

०.०४५–०.१०५ इंचांच्या राउंडवाउंड काढून जेमरसनसारख्या जाड फ्लॅटवाउंड चढवायच्या असतील, तर नुसत्या तारा बदलून भागत नाही.

पहिली अडचण नटची, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची. खाच अरुंद असेल तर जाड तार वरच अडकून बसते. खुंटी फिरवताना ‘टिक’ आवाज येऊन स्वर एकदम उडी मारतो, ही त्याची खूण. खाच योग्य मापाच्या नट-फाइलने रुंद करायची, खोल नाही. खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते.

दुसरी अडचण तार कापण्याची. खुंटीपासून पुढे साधारण दोन खुंट्यांच्या अंतराएवढी तार ठेवून, कापायच्या जागेच्या आधी ती काटकोनात मोडून घ्यायची आणि मग मोडीच्या पुढे कापायची. मोड न घालता कापली तर वरचं वेटोळं गाभ्यावरून सुटतं आणि तार कायमची मंद वाजते. नवी तार ‘मेलेली’ निघाली अशी तक्रार असते, तेव्हा कारण बहुतेक हेच. शिवाय खुंटीवर फक्त निमुळता, रेशमी दोरा गुंडाळलेला भागच यायला हवा. पूर्ण जाडीचा भाग खुंटीभोवती वळवला तर चपटी पट्टी तडकते. म्हणून घेण्याआधी तारेची लांबी बघावी.

तिसरी गोष्ट ओढीची. जाड तारा नेकला पुढे वाकवतात. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघायची: सव्वासात इंच त्रिज्येच्या गोलाईचा बोर्ड असलेल्या जुन्या फेंडरला सुमारे ०.३५ मिलिमीटर. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. सत्तरच्या दशकाच्या आधीच्या बेसमध्ये ट्रस रॉडचा (नेकचा वाक ठरवणाऱ्या आतल्या सळईचा) फिरवायचा नट नेकच्या बुंध्यात दडलेला असतो, म्हणजे तारा सैल करून चार स्क्रू काढून नेक उचलावी लागते. चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावला तर तो नट खरवडला जातो, मग पुढचं सगळं अवघड. एका वेळी पाव फेरा, नेक परत बसवायची, तारा सुरात आणायच्या, आणि मोजमाप दुसऱ्या दिवशी. लाकूड लगेच उत्तर देत नाही.

स्पंजचं काम मात्र सोपं: ब्रिजजवळ तारांखाली बसेल असा सुमारे आठ सेंटिमीटर लांबीचा मऊ तुकडा. तो तारांना टेकला पाहिजे, तारा उचलता कामा नयेत. घट्ट बसला तर स्वर मरतो आणि सूरही चढतो.

बुधवार

आज डेड स्पॉटबद्दल, कारण ह्याच्यावरून चांगले बेस विनाकारण विकले जातात.

फेंडर पद्धतीच्या बेसवर ‘जी’ तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये एखादा स्वर लवकर विझतो. पाचव्या फ्रेटचा ‘सी’ म्हणजे सुमारे १३१ हर्ट्झ. नेकचं स्वतःचं कंपन त्याच्या आसपास पडलं की तार आपली ताकद नेकला देऊन बसते. बिघाड कुठलाच नसतो. हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्यांच्या टोकाला, एक छोटा सी-क्लॅम्प, मधे चामड्याचा तुकडा घालून, लावून पाहा: वजन वाढतं, नेकचं कंपन खाली सरकतं, आणि विझणारा स्वर बदलतो. कधी तो दोन स्वरांच्या मधल्या जागेत जाऊन जवळजवळ नाहीसा होतो, कधी शेजारच्या फ्रेटवर जाऊन बसतो. क्लॅम्प काढला की पुन्हा मूळ जागी.

ज्याचा हात त्या बेसवर बसलाय तो ह्या स्वराला वेगळं वागवतो. तोच ‘सी’ ‘ए’ तारेवर, किंवा ‘डी’ तारेच्या दहाव्या फ्रेटवर घेतो. पुढे दुसऱ्या बेसवरही बोटं तिकडेच जातात.

शुक्रवार, पाऊस

बेसवादक जॅको पास्टोरियसचा १९६२चा फेंडर जॅझ बेस, ‘बेस ऑफ डूम’. फ्रेट काढलेले, खाचा भरलेल्या, आणि बोर्डवर होड्यांना लावतात तसल्या इपॉक्सीचा थर. त्यावर रोटोसाउंडच्या राउंडवाउंड तारा. हे दोन्ही एकत्रच समजून घ्यायला हवेत: राउंडवाउंड कानसासारखी रोझवूडचा बोर्ड खाते, म्हणून इपॉक्सी, आणि कडक इपॉक्सी आहे म्हणून तो गाणारा, लांबणारा स्वर.

तो ‘म्वाऽ’ आवाज मराठी कानाला परका नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उताराचा असतो, तार त्याला निसटता स्पर्श करत कंप पावते आणि जवारी खुलते. फ्रेटलेसवर तेच काम फिंगरबोर्ड करतो. म्हणून फ्रेटलेसची नेक जवळपास सरळ ठेवायची. फार वाकली तर म्वा एकाच टापूत येतो, अगदीच उलटी गेली तर नुसती खरखर. मिरजेच्या कारागिराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

फ्रेट काढताना सोल्डरिंग आयर्नने फ्रेट गरम करून सपाट घासलेल्या पकडीने हळूहळू उचलायचा. थंड फ्रेट ओढला तर रोझवूडच्या कपच्या उडतात. खाचांत सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या, मग गोलाईच्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर. इपॉक्सी थोडी थोडी कालवायची, कारण मोठा गोळा स्वतःच्याच उष्णतेने आधी घट्ट होतो. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हे काम शक्यतो करूच नये. दमट हवेत अनेक इपॉक्सींवर तेलकट, ढगाळ साय येते. ती साध्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच घासायची. तिच्यावर दुसरा थर दिला तर काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. शेवटी नटच्या खाचा खाली आणायच्या, नाहीतर पहिले तीन स्वर दाबायला जड जातात.

हे काम परत फिरवता येत नाही. जुन्या, मूळ स्थितीतल्या बेसवर ते करू नये असंच माझं मत आहे. त्यासाठी वेगळी नेक घ्यावी आणि मूळ नेक पिशवीत घालून ठेवून द्यावी.

रविवार

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बर्गमध्ये घेतलेला होफनर बेस १९७२मध्ये लंडनला गाडीतून चोरीला गेला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी परत मिळाला. सापडला तेव्हा तो माळ्यावर पडून होता. जॅकोचा बेस १९८६मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमधून चोरीला गेला, वीस वर्षांनी त्याच शहरात सापडला आणि पुढे मेटॅलिकाचा बेसवादक रॉबर्ट त्रुहियोच्या मदतीने कुटुंबाकडे आला.

असा बेस पुन्हा समोर आला तर ओळखायचा कसा? सीरियल नंबरची पट्टी चार स्क्रू काढूनही बदलते. लाकडाच्या रेषा बदलत नाहीत. म्हणून सनबर्स्ट रंगाखालच्या रेषा, नेकच्या मागचे पट्टे, प्रत्येक टवका, उजेड तिरका ठेवून फोटो काढायचे. एकदा कंट्रोल प्लेट उघडून पॉटवरचा (आवाजाच्या बटणाखालच्या भागावरचा) आकडाही: ३०४६२२० असेल तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६२ साल, विसावा आठवडा. बेस त्याच्या नंतरचा. पॉट खरखरतो म्हणून लगेच बदलू नये. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीस-तीस वेळा फिरवला की बहुतेक गप्प होतो. बदलावाच लागला तर जुना पॉट नाव घालून केसमध्ये ठेवायचा.

फंक मशीन १९८३मध्ये जेमरसनच्या मृत्यूच्या काही दिवस आधी चोरीला गेला. तो अजून मिळालेला नाही. त्याच्या नेकच्या बुंध्याशी जेमरसनने स्वतः ‘फंक’ हा शब्द कोरून निळ्या शाईने भरला होता.