आमची वाटचाल : चेंडू हळू मारायला शिकवताना

पिकलबॉल, म्हणजे पॅडल नावाच्या सपाट बॅटने आणि भोकांच्या प्लास्टिकच्या चेंडूने जाळीवरून खेळायचा खेळ, शिकवणं हा आमचा व्यवसाय आहे असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "त्यात शिकवायचं काय असतं?" प्रश्न रास्त आहे. हातात कधी रॅकेट न धरलेला माणूससुद्धा अर्ध्या-पाऊण तासात इथे बऱ्यापैकी रॅली खेळू लागतो. टेनिसमध्ये तेवढा वेळ चेंडू गोळा करण्यातच जातो. म्हणून लोक या खेळाकडे सहज येतात. ते टिकतात का, हा प्रश्न वेगळा, आणि आमची संस्था उभी राहिली ती त्या दुसऱ्या प्रश्नावर.

मी आणि माझी भागीदार, दोघंही मूळचे बॅडमिंटनचे प्रशिक्षक. बॅडमिंटन हॉल सकाळ-संध्याकाळ गजबजलेले आणि भर दुपारी ओस, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहत होतो. पिकलबॉलचं कोर्ट 20 फूट रुंद आणि 44 फूट लांब, म्हणजे नेमकं बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढं. दुपारचे रिकामे तास भाड्याने घेतले, घडी होणारी जाळी आणली आणि सुरुवात केली. स्वतःचं कोर्ट बांधण्याइतकं भांडवल नव्हतंच.

मापं जुळली तरी रेषा जुळत नाहीत. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन जाळीपासून साडेसहा फुटांवर असते आणि पिकलबॉलचं किचन, म्हणजे जाळीलगतचा पट्टा, सात फुटांचं. या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही, टप्पा पडू द्यावाच लागतो. बाहेरून व्हॉली, म्हणजे असा हवेतला फटका, मारली आणि तोल जाऊन पाय आत पडला, तरी फाउल. आता सहा इंचांच्या अंतरावर दोन समांतर रेषा असल्या की नवा खेळाडू हमखास चुकीच्या रेषेकडे बघतो आणि मग वाद. आम्ही किचनसाठी भडक रंगाची टेप लावायचो आणि तास संपला की उकलून काढायचो. टेपची एक गुंडाळी कायम माझ्या खिशात असायची.

अशी जुळवाजुळव या खेळाला नवी नाही. 1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी कंटाळलेल्या मुलांसाठी जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच हा खेळ सुरू केला. धड साहित्य सापडेना, म्हणून टेबल टेनिसच्या बॅटा आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेतला. जाळी आधी बॅडमिंटनच्या उंचीवर होती, ती नंतर खाली आणली. पुढे बार्नी मॅककॅलम यांच्या साथीने नियम ठरत गेले. आज जाळी कडेला 36 इंच आणि मधोमध 34 इंच असते. हे दोन इंच मी पहिल्याच दिवशी फूटपट्टी लावून दाखवतो. चेंडू मधून का काढायचा, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

मग लाट आली. अमेरिकेत 2022 मध्ये सुमारे 89 लाख लोक हा खेळ खेळत होते, 2023 मध्ये हा आकडा 1 कोटी 36 लाखांवर गेला. व्यावसायिक स्पर्धांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले. 2019 मध्ये अ‍ॅना ली वॉटर्स वयाच्या बाराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि आपल्या आईसोबत डबल्स खेळू लागली, हे कळल्यावर आमच्याकडे आई-मुलींच्या जोड्या चौकशीला यायला लागल्या. फोन वाढले तसे सल्ले देणारेही वाढले. "अजून चार कोर्टं टाका, शिकवत कसले बसता, तासावर भाड्याने द्या," असं हितचिंतकांनी कितीदा तरी सुनावलं.

आमचं निरीक्षण वेगळं होतं. नवीन गट हौसेने यायचा, महिनाभर धमाल करायचा आणि विरळ होत जायचा. त्यांचा खेळ पाहिला की कारण दिसायचं. चौघंही मागच्या रेषेवर उभे, जो तो जीव खाऊन फटके मारतोय, दोन-तीन फटक्यांत रॅली खलास. ज्याचा हात जड तो जिंकणार. असा खेळ किती दिवस गोड लागेल?

पिकलबॉलची रचनाच अशी आहे की सर्व्हिस करणारी बाजू थोडी अडचणीत असते. सर्व्हिसचा टप्पा पडू द्यायचा, परतीच्या फटक्याचाही टप्पा पडू द्यायचा, हा दोन टप्प्यांचा नियम. त्यामुळे सर्व्हिस करणारे दोघं मागे अडकतात आणि समोरचे मात्र परतीचा फटका मारून थेट किचनच्या रेषेवर येऊन उभे राहतात. अशा वेळी तिसरा फटका जोरात मारला तर तो सरळ त्यांच्या पॅडलवर जातो. म्हणून तिसरा फटका हळू हवा. जाळीवरून अलगद जाऊन समोरच्या किचनमध्ये पडेल असा. समोरच्याला तो खालून उचलावा लागतो आणि तेवढ्यात आपण पुढे सरकतो. याला म्हणतात थर्ड शॉट ड्रॉप. आमच्या शिकवणीतला सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

तो शिकवताना मी चेंडूंची बादली घेऊन किचनजवळ उभा राहतो आणि एकेक चेंडू मागे देतो. सूचना एकच : चेंडूचा सर्वात उंच बिंदू जाळीच्या अलीकडे, आपल्या बाजूला यायला हवा. जाळीच्या वर आला तर तो पलीकडे उंच पडतो आणि समोरचा ठोकतो. पकड सैल, पॅडल खालून वर, मनगट स्थिर. "सर, एवढा हळू?" हे प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. एवढाच हळू.

कोण कुठल्या खेळातून आलं, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. बॅडमिंटनवाले मनगट झटकतात, चेंडू जाळीत. टेनिसवाल्यांचं पॅडल खांद्यामागे जातं आणि परत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. टेबल टेनिसवाल्यांचा हात मऊ, पण पाय जागचे हलत नाहीत. काहीच न खेळलेल्यांना मोडायच्या सवयीच नसतात, त्यामुळे किचनजवळची हळुवार देवाणघेवाण, म्हणजे डिंकिंग, ते सगळ्यांत लवकर शिकतात. माझ्यासारख्या बॅडमिंटनवाल्याला हे पचायला जड गेलं, हेही खरं. गुण पुकारताना मात्र सगळे सारखेच गोंधळतात. डबल्समध्ये तीन आकडे म्हणायचे : आपले गुण, त्यांचे गुण, आणि सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. सामना सुरू होतो तोच "शून्य, शून्य, दोन" म्हणून. तो शेवटचा दोन कुठून आला, हे समजावताना भागीदारीणबाई माझ्यापेक्षा फार शांत राहतात, त्यामुळे ते खातं त्यांच्याकडे.

आम्ही बॅच वयावर न करता कौशल्यावर केल्या, त्यातून सगळ्यांत मोठा बदल झाला. कॉलेजचा मुलगा आणि निवृत्त झालेल्या काकू एकाच कोर्टावर, आणि बहुतेक वेळा काकूंचं प्लेसमेंट सरस. प्रौढांसाठी एक नियम कडक आहे. डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच उडवलेला चेंडू, गेला तर उलट्या पावलांनी मागे धावायचं नाही, वळून धावायचं, जमत नसेल तर गुण सोडून द्यायचा. मागच्या मागे पडून मनगट मोडणं ही या खेळातली सर्वांत टाळता येण्याजोगी दुखापत आहे. जॉगिंगचे बूटही चालत नाहीत. ते पुढे धावण्यासाठी बनवलेले असतात, आडव्या हालचालीत घोटा मुरगळतो. बुटांवरून आम्ही परत पाठवलेली माणसं आहेत, काही रुसलीही.

सुरुवातीला पॅडल आम्हीच देतो. काही पातळ, काही 16 मिलिमीटर जाडीची. जाड पॅडलवर चेंडू जरा शांत येतो, पातळ पॅडल जोर देतं. हाताला काय रुचतं ते कळेपर्यंत विकत घेऊ नका, असं आम्ही सांगतो. पॅडलविक्रीतला नफा त्यामुळे बुडतो, पण न रुचणाऱ्या पॅडलमुळे कोपर धरून घरी बसलेला विद्यार्थी फी भरत नाही, हाही हिशेबच आहे.

पुढे आम्ही उघड्यावर स्वतःची दोन कोर्टं केली. खर्चात अनपेक्षित भर पडली ती चेंडूंची. बाहेरचे 40 भोकांचे चेंडू कडक असतात, थंडीत तडकतात, उन्हात मऊ पडतात. तडा डोळ्यांना दिसत नाही, फटक्याचा आवाज बदलतो त्यावरून कळतो. आवाजाचा दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. कडक पॅडलवर कडक प्लास्टिक, दिवसभर टॉक टॉक. तक्रार आली तेव्हा वाद घातला नाही. पहाटेची बॅच आत हॉलमध्ये हलवली आणि रात्रीची वेळ तासाभराने अलीकडे आणली. उत्पन्न थोडं घटलं, संबंध टिकले.

सध्या तिसऱ्या कोर्टाचा विचार बाजूला ठेवून आम्ही सहायक प्रशिक्षक तयार करतोय. तीन जण आमच्याच जुन्या बॅचमधले आहेत. त्यांची निवड करताना सामने किती जिंकले हे पाहिलं नाही. बादली हातात दिली आणि नवख्याला तासभर एकसारखे चेंडू देता येतात का, हे पाहिलं. पुढच्या हंगामापासून नवशिक्यांची दुपारची बॅच त्यांच्याकडे असेल.