पक्षी उठला की मागे सरकायचं

इंग्लंडात न्यूकॅसलहून किनाऱ्याने वर गेलं की बीडनेल बे लागतो, तिथे लाँग नॅनी नावाचा ओढा समुद्राला मिळतो आणि उन्हाळ्यात त्या वाळूवर सुरय (टर्न) पक्षी अंडी घालतात. परवा तिकडे गेलो होतो. घरट्यांभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेरच उभा होतो, ट्रायपॉडपण बाहेर, तरी रेंजर बाई आल्या आणि म्हणाल्या अजून मागे सरका, मादी उठलीये. राग आला, खरं सांगतो. जो नियम पाळतोय त्यालाच परत नियम सांगायचा ही इकडची सवय आहे, आणि आपला चेहरा बघून जरा जास्तच सांगतात असं कधी कधी वाटतं. पण मी मागे सरकलो आणि डोक्यावर ओरडत फिरणारा तो छोटा सुरय थोड्या वेळात खाली उतरला, थेट अंड्यांवर जाऊन बसला. म्हणजे अंतर दोरीवरून ठरवायचंच नाही, पक्ष्याकडे बघून ठरवायचं, हे मला फार पटलं.

पन्नास-साठ ग्रॅमचा जीव हो! पश्चिम आफ्रिकेतून येतो, वाळूत जरासा खळगा करतो, त्यात दोन-तीन अंडी. घरटं म्हणावं असं काहीच नाही. अंडी वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके, दुर्बिणीतून नेमकी जागा दाखवली तरी पटकन दिसत नाहीत. पक्षी उठला की वर सीगल टपलेले असतात आणि गार वाऱ्यात अंडी थंड पडतात ते वेगळंच. त्यासाठी इथे माणसं तंबू ठोकून, पाळ्या लावून चोवीस तास पहारा देतात, रात्रीसुद्धा, कारण कोल्हा रात्रीच येतो. कुणी कुत्रा मोकळा सोडला की धावत जाऊन सांगतात, आणि तेही न ओरडता. मी किती वेळ नुसतं त्यांचंच काम बघत उभा होतो.

छोटा सुरय इथल्या 1981च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे घरट्यापाशी त्याला मुद्दाम त्रास देणं हा गुन्हा, आणि त्याला त्रास होईल इतक्या जवळून फोटो काढायचा तर आधी लायसन्स. पण लगेच "बघा, तिकडे कसं असतं" म्हणू नका. आपला 1972चा वन्यजीव कायदा उघडून बघा, शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं येतं. कागदावर आपण कुठेच कमी नाही. आणि महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आपल्या निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरला आहे हे मी इथे भेटेल त्याला सांगतो. तिथल्या चापडगावला जी पोरं गाईड म्हणून येतात ती नुसत्या उडण्यावरून पक्षी ओळखतात, इथे लोक आधी मोबाइल काढतात.

फक्त आपली गर्दी थंडीत, रोहित आणि बदकं बघायला. मार्चनंतर नदीचं पाणी उतरतं, वाळू उघडी पडते आणि टिटवी, नदी सुरय असेच उघड्यावर अंडी घालतात, तेव्हा तिथे लक्ष द्यायला कोण असतं? आणि आपल्याकडे भानगड उलटी, अंडी गार पडत नाहीत, भाजतात. टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते, ती त्यांना गार ठेवायलाच. एप्रिलच्या दुपारी तिला पंधरा मिनिटं जरी उठवून ठेवली तरी काय होईल विचार करा. त्यात वाळू उपसा, गुरं, आणि ग्रुपवर घरट्याचं लोकेशन टाकणारे आपलेच लोक. नाशिकचा एक मित्र फोनवर म्हणाला, "भो, तिकडे बसून बोलणं सोपंय." असेल. पण मी नाशकात होतो तेव्हाही घरट्यांचे फोटो टाकत नव्हतो, आणि इथे येऊन एवढी महागाची लेन्स घेतली ती लांबून काढता यावं म्हणूनच.

मला एवढंच वाटतं, चापडगाव, खाणगाव थडीच्या याच पोरांना उन्हाळ्याचे तीन महिने पगारावर ठेवावं, वाळूवर दोरी बांधून पहाऱ्याला. पोरं तयार होतील याची मला खात्री आहे. वनखात्याशी बोलायला तिथलं कुणी पुढे होत असेल तर कळवा, पैशाचं इकडून आम्ही काही जण मिळून बघतो, पण पुढच्या मार्चच्या आत ठरलं पाहिजे.