कूलरमधले पाणी

नागपुरात होळी आटोपली की घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, जाळ्यांतले जुने गवत काढून नवे भरले जाते आणि मग पहिला पाऊस पडेपर्यंत प्रत्येक घरात एक प्रश्न रोज विचारला जातो: पाणी कोण भरणार? आमच्या घरी गेले तीन उन्हाळे हा प्रश्न मी विचारत होतो आणि उत्तर माझा तेरा वर्षांचा मुलगा देत होता. टाकी ६० लिटरची, बादली १५ लिटरची. म्हणजे रोज चार फेऱ्या, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की रात्री आणखी दोन.

या व्यवस्थेला मी मनातल्या मनात संस्कार म्हणत असे. जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, हे मी संडे स्कूलमध्ये लोकांच्या मुलांना शिकवतो, तर घरच्या मुलाला का सोडावे, असा माझा हिशेब होता. एका रात्री तो पाणी भरायला विसरला, पंप कोरडा फिरून जळाला, आणि कूलर गरम हवा फेकत असताना मी त्याला विश्वासूपणावर एक छोटेखानी प्रवचन दिले. ते संपल्यावर तो शांतपणे म्हणाला, "पण पप्पा, रोज तर मीच भरून राहिलो ना. तुम्ही फक्त सांगून राहिले." स्वयंपाकघरातून त्याची आई हसल्याचे ऐकू आले, आणि ते मला त्याच्या वाक्यापेक्षा जास्त लागले. मुलांना देवाची वचने घरी बसले असता आणि वाटेने चालत असता शिकवावीत असे बायबलमध्ये मोशेने सांगितले आहे. त्यातला बसण्याचा भाग मी चोख पाळला होता.

त्याच आठवड्यात चर्चच्या मंडळीच्या कमिटीची बैठक होती आणि विषय होता नेतृत्वाचा. अशा बैठकीत आमच्याकडे स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव आणि त्यांची दूरदृष्टी निघतेच. हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, १८६३ साली नदी ओलांडताना बुडून वारले, आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले ते १८८३ साली. त्या दिवशी मात्र मला दूरदृष्टीपेक्षा मधली अठरा वर्षेच जास्त दिसू लागली: मुले जमवायची, शिकवायचे, इथला उन्हाळा काढायचा आणि पुन्हा तेच, तेही कूलरवाचून. हे मी बोललो नाही, कारण सेक्रेटरीने लिहावे आणि गप्प बसावे असा आमच्याकडे संकेत आहे.

शेवटी पाळकसाहेबांनी योहानाच्या शुभवर्तमानातला काना गावच्या लग्नाचा भाग वाचला. सहा दगडी रांजण होते आणि एकेकात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावत होते. माझे डोके आकडेमोडीत गुंतले. कमीत कमी ४८० लिटर, म्हणजे आमच्या बादलीने बत्तीस फेऱ्या, आणि नळ नाही. लग्नात संपला होता द्राक्षारस, येशूने भरायला सांगितले होते पाणी, तेही हातपाय धुण्याच्या रांजणांत; तरी त्या चाकरांनी कारण न विचारता ते काठोकाठ भरले. पुढे योहान जाता जाता नोंदवतो की भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस झालेल्या त्या पाण्याची चव घेतली, पण तो रस कुठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ठाऊक होते. इतकी वर्षे हे वाक्य मी कंसातले समजून ओलांडत आलो होतो. कारभारी वराला बोलावून त्याचे कौतुक करतो, आणि घडले काय हे जाणणारी माणसे मागे ओल्या हातांनी उभी असतात. इतिवृत्ताची वही मिटताना माझे हात अगदी कोरडे होते.

नवा पंप बसला त्या दिवशी मी जाहीर केले की या आठवड्यात पाणी मी भरणार. चौथ्या बादलीला कंबर बोलू लागली, पण काना गावचे ते चाकर डोळ्यांपुढे असल्यामुळे मी आणखी अर्धी बादली आणून टाकी काठोकाठ भरली. दहा मिनिटांत पाणी सतरंजीखालून निघून एक्स्टेन्शन बोर्डाकडे वाहू लागले. मुलाने धावत जाऊन बटण बंद केले, पोछा आणला आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसत म्हणाला, "पप्पा, वरून चार बोटं जागा ठेवा लागते. डावीकडची जाळी वाकली आहे ना, तिथून गळते."

जाळी केव्हा वाकली, असे मी विचारले. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात, तो म्हणाला.

आता नळाखाली बादली तो लावतो आणि मी वाहून नेतो. शेवटची बादली ओतताना टाकीत वाकून चार बोटे मोजण्याचे काम मात्र त्याने अजून माझ्याकडे दिलेले नाही.