डी'सोझा बाईंचं खातं

मार्चअखेरीच्या धांदलीत आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या, सावंतवाडीकडच्या एका पतसंस्थेतून फोन आला. "मॅडम, डी'सोझा बाईंचं खातं नावाने शोधलं की एरर येते. मी आपलं नुसतं सोझा टाकतो, मग सापडतं. पण आज काउंटरला नवीन मुलगी आहे, तिला काय सांगू?" दोन वर्षं ते असंच काम भागवत होते. आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं.

फोन ठेवला आणि पोटात गोळा आला. एका एकेरी अवतरणचिन्हाने शोध अडतो, याचा अर्थ काउंटरवर टाइप केलेलं नाव जसंच्या तसं क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला पाठवायच्या आज्ञेत, चिकटतंय. डेटाबेसला वाटतं, नाव 'डी'वर संपलं आणि पुढचं 'सोझा' ही आज्ञा आहे. ती कळत नाही म्हणून एरर. कुणी मुद्दाम अवतरणचिन्ह देऊन पुढे कळेल अशी आज्ञा लिहिली असती, तर प्रत्येक सभासदाची ठेव आणि मोबाइल नंबर त्याच्या स्क्रीनवर आले असते.

पण आमच्या पायथन कोडवर दर बिल्डला बँडिट हे साधन चालतं (कोड न चालवता, नुसता वाचून ते सुरक्षेचे धोके शोधतं) आणि अहवाल कायम स्वच्छ असतो. मग ही ओळ सुटली कशी? फाइल उघडली. क्वेरी अधिकच्या चिन्हाने जोडलेली, आणि ओळीच्या शेवटी एक कमेंट: नोसेक. बँडिटला "इथे बघू नकोस" म्हणून सांगायची ही सोय. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये पाहिलं तर तो बदल माझ्याच नावावर, डिलिव्हरीच्या आदल्या रात्री पावणेबाराचा.

आठवलं मग. बँडिटने बी६०८ची, म्हणजे क्वेरी तुकडे जोडून बनवल्याची, सूचना दिली होती, गांभीर्य मध्यम. त्या रात्री अशा बऱ्याच सूचना होत्या आणि बहुतेक खरंच निरर्थक होत्या. बँडिट कोडची रचना वाचतं, पण जोडलेला शब्द आपणच लिहिलेलं टेबलचं नाव आहे की बाहेरून आलेला मजकूर, हे त्याला बहुतेक वेळा ठरवता येत नाही. ते माणसानेच मागे मागे जाऊन बघायचं असतं: हे व्हेरिएबल कुठून आलं, त्याआधी कुठून, शेवटी कुणाच्या कीबोर्डवरून. मी तसं मागे गेले नाही. ही सूचनाही बाकीच्यांसारखीच असेल असं धरून चालले.

सूचना न समजता गप्प केली की काय होतं, याचं डेबियन या लिनक्स प्रणालीइतकं मोठं उदाहरण मला माहीत नाही. वॅलग्राइंड हे साधन (ते कोड चालवून तपासतं, पण प्रश्न तोच) ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत अनिनिशियलाइज्ड (आधी काही न भरलेल्या) मेमरीबद्दल तक्रार करत होतं, म्हणून २००६मध्ये डेबियनच्या आवृत्तीतून दोन ओळी काढल्या गेल्या. त्यातली एक ओळ गुप्त किल्ल्या बनवायला लागणारी यादृच्छिकता गोळा करणारी होती. उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामला मिळणारा क्रमांक), म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर एका लांबीच्या फार तर ३२,७६८ किल्ल्या. कुणीही बसून सगळ्या तयार करून ठेवाव्यात इतक्या कमी! हे मे २००८मध्ये जाहीर झालं. तोवर जवळजवळ दोन वर्षं त्या किल्ल्यांवर लोकांचे सर्व्हर चालले होते.

आमची दुरुस्ती पाच मिनिटांची होती. क्वेरीत नावाच्या जागी खूण ठेवली आणि नाव वेगळं पाठवलं. आता ते काहीही असो, डेटाबेस त्याला नावच समजतो.

वेळ गेला तो पुढे. बँडिटच्या अहवालात तळाशी नोसेकमुळे वगळलेल्या ओळींचा आकडा असतो. आमचा होता ११, आणि दोन वर्षांत त्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. नोसेक कमेंटकडे दुर्लक्ष करणारा इग्नोअर-नोसेक हा पर्याय लावून पुन्हा चालवलं आणि एकेक ओळ कागदावर मागे नेत बसले. सात ठिकाणी बाहेरचा मजकूर पोचतच नाही. तिथे कमेंट ठेवली, पण शेजारी कारण आणि तारीख लिहिली. दोन ठिकाणी पोचत होता, ती दुरुस्त केली. डी'सोझा बाईंची धरून तीन.

राहिलेली एक ओळ हप्त्यांच्या अहवालातली आहे. तिथे शाखेचा कोड एक्सेल फाइलमधून येतो, आणि ती फाइल संस्थेत कोण भरतं हे मला अजून कळलेलं नाही. सोमवारी त्यांना फोन करणार आहे.