वायपरला बांधलेला काटा

वायपरच्या पात्याला पेट्रोलचा दाब दाखवणारं प्रेशर गेज चिकटपट्टीने बांधलेलं, त्याची नळी बॉनेटच्या फटीतून आत गेलेली, आणि अशा थाटात आमची प्रीमियर पद्मिनी कात्रजचा जुना घाट चढत होती. गेज आत डॅशबोर्डवर ठेवलं असतं तर दिसायला सोपं गेलं असतं, पण दाबाखालचं पेट्रोल केबिनमध्ये आणायचं नाही म्हणजे नाही. शेजारी गाडीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. मागे गॅरेजमधला पोऱ्या, मांडीवर आग विझवायचं नळकांडं घेऊन.

गाडी सरांच्या वडिलांची. मूळचं 1089 सीसीचं इंजिन थकलं, तेव्हा सरांनी मारुती जिप्सी किंगचं 1298 सीसीचं एमपीएफआय इंजिन, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं, बसवायचं ठरवलं. निवड चांगली होती. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून सुटा असतो, तो वगळला की शाफ्ट थेट मागच्या चाकांकडे नेता येतो. ताकद 80 हॉर्सपॉवर, म्हणजे जवळपास दुप्पट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी सरांनी आधीच काढून ठेवली होती. (ब्रेकचं रामायण वेगळं, ते पुन्हा कधीतरी.)

इंजिन सुंदर चालू झालं. गॅरेजात रेस केली की कान तृप्त. पण घाटात पाय दाबला की आचके. मी आधी फिल्टर बदलला. मग पेट्रोल ढकलणाऱ्या विजेच्या पंपाच्या टोकाला मीटर लावला, तर बॅटरीचे पावणेचौदा व्होल्ट तिथे पोहोचेपर्यंत अकराच्याही खाली. जुन्या बारीक वायरीवर पंप जोडला होता, चूक माझीच. जाड वायर ओढली, रिले टाकला. आचके कमी झाले, थांबले नाहीत.

तेव्हा सर म्हणाले, "मिस्त्री, पंपच कमी पडतोय. मी मोठा मागवलाय."

ताशी 255 लिटरचा पंप! 80 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पुरा पाय दाबला तरी ताशी 24-25 लिटरच्या वर पेट्रोल लागत नाही. पण पैसे त्यांचे, हौस त्यांची. बसवला. दाब आवरणारा रेग्युलेटर 3 बारचा (बार हे दाबाचं माप), आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन चालू असताना, इंजिनातल्या व्हॅक्यूममुळे काटा अडीचच्या आसपास हवा. तो साडेतीनच्या वर जाऊन बसला. उरलेलं सगळं पेट्रोल बारीक रिटर्न पाइपमधून टाकीत परत जाईना. आयडलला काळा धूर, प्लग काजळीने माखलेले.

आणि घाटात? पहिल्याच उजव्या वळणाला काटा साडेतीनच्या वरून एकच्या खाली कोसळला. गाडीने आचका दिला. सरळ रस्त्यावर काटा परत वर. डाव्या वळणाला काहीच नाही. पुढच्या उजव्या वळणाला पुन्हा तेच.

मी गाडी कडेला घेतली आणि कपाळावर हात मारला. टाकी पाव भरलेली, आत आडवे पडदे नाहीत, आणि सक्शन पाइप मी स्वतः उजव्या अंगाला वेल्ड केलेला. उजवीकडे वळलं की पेट्रोल डावीकडे जाणार, पाइप उघडा पडणार. पंप हवा ओढत होता. जितका मोठा पंप, तितकी जोरात.

कार्बोरेटरच्या गाडीत हे कळतच नाही. इंजिनावरचा डायफ्रामचा पंप पाव बारच्या आसपास दाबाने पेट्रोल चढवतो, आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबर नावाच्या वाटीत घोटभर साठा असतो. क्षणभर हवा आली तरी इंजिनाला पत्ता नसतो. इंजेक्शनला ही चैन नाही. कॉम्प्युटर दाब पक्का आहे असं धरून इंजेक्टर उघडतो. दाब पाव झाला तर पेट्रोल निम्मंच पडतं, आणि चढावर भरल्या लोडला असं वारंवार झालं तर पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. आम्ही नवीन इंजिन घातलं आणि तो घोटभर साठा मात्र जुन्या कार्बोरेटरबरोबर भंगारात दिला.

दुपारी चार इंची स्टील पाइपचा सव्वा लिटरचा डबा बनवला. टाकीतून एक साधा कमी दाबाचा पंप तो भरत ठेवणार, डब्याच्या तळातून आधीचाच लहान इंजेक्शन पंप ओढणार, रेग्युलेटरचं रिटर्न डब्यात, जास्तीचं टाकीत. टाकीतून थेंब आला नाही तरी पुरा पाय दाबून तीन मिनिटं निघतील. कात्रजला एवढं लांब वळण नाही! नळ्याही सगळ्या इंजेक्शनच्या दाबाच्या घातल्या. कार्बोरेटरची नळी दिसायला तशीच असते, पण 3 बारला कधी फुटेल सांगता येत नाही, आणि हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर आणखी लवकर जातं.

संध्याकाळी पुन्हा घाट. टाकी मुद्दाम तेवढीच ठेवली. उजवं वळण आलं, सर काट्याकडे टक लावून. तीन. पुढचं वळण, तीन. बोगद्यापर्यंत कोणी बोललं नाही. मग मागून पोऱ्या म्हणाला, "आता नळकांडं खाली ठेवू का?"

तो 255 लिटरचा पंप अजून माझ्या फळीवर आहे. सर न्यायला येत नाहीत, आणि मला विकूही देत नाहीत.