तुम्ही विचारलंत म्हणून: रेझ्युमे नेमका पाठवायचा कसा?

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, मुलाचा बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर चालेल का? की मेल करू? की गेटवर देऊ?" विचारणारे काळजीनं विचारतात, म्हणून नीट उत्तर देते.

जाहिरातीत जसा मागितला असेल, तसाच पाठवा. काहीच सांगितलं नसेल तर ईमेलनं, पीडीएफ करून. पण यामागचं कारण कळलं, तर वेगळी वेळ आल्यावर काय करायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

कारण असं, की तुमचा रेझ्युमे माझ्यापाशी थांबत नाही. मी तो मेंटेनन्सच्या किंवा प्रॉडक्शनच्या प्रमुखांकडे पाठवते. ते शॉप फ्लोअरवर मशीनशेजारी उभे राहून मोबाईलवर उघडतात. त्यांना पटला तर तो प्लांट हेडकडे जातो, मुलाखतीच्या दिवशी त्याची प्रिंट निघते, निवड झाली तर जॉइनिंगच्या फाइलला लागतो. इतक्या हातांतून आणि इतक्या स्क्रीनवरून जाताना तो तसाच दिसायला हवा. पीडीएफ हा प्रकार १९९३ मध्ये आला तोच यासाठी, की पान कुठेही उघडलं तरी मांडणी हलू नये. वर्डची फाइल मोबाईलवर उघडली की तक्ते मोडतात, शिक्षणाचा रकाना अनुभवावर चढतो. त्यात सायबर कॅफेत जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं असेल आणि तो फाँट आमच्या कॉम्प्युटरवर नसेल, तर नावाच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. पदरचे पैसे देऊन ज्यांनी टाइप करून घेतलं, त्यांचाच कागद वाचता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. युनिकोडमध्ये टाइप करून द्या, असं त्या दुकानदाराला ठणकावून सांगा आणि पीडीएफही तिथेच करून घ्या.

पीडीएफ म्हणजे कागदाचा मोबाईलनं काढलेला फोटो नव्हे. व्हीएमसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन लावून देणारा माणूस, हवा असला की मी मेलमध्ये तेवढा शब्द टाकून शोधते. फोटोतला शब्द अशा शोधात सापडेलच याची खात्री नसते. मोठ्या कंपन्यांत तर आलेला रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि नाव, फोन, शिक्षण, अनुभव वेगवेगळ्या रकान्यांत भरतं. दोन कॉलमची रंगीत डिझाइनं, चौकटीत टाकलेला मजकूर, पानाच्या अगदी वरच्या पट्टीत लिहिलेला फोन नंबर इथेच गळतात. तपासायची युक्ती सोपी आहे: पीडीएफ उघडा आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. तो शब्द निवडता आला, कॉपी झाला, तर फाइल ठीक.

वर्डची फाइल मागतात ते बहुतेक कन्सल्टंट, म्हणजे कंपन्यांना माणसं मिळवून देणारे. त्यांना तुमचा नंबर काढून स्वतःचं लेटरहेड लावायचं असतं, तेव्हा त्यांना वर्डच द्या. मात्र त्यांच्यापैकी कुणी गेटपासचे, युनिफॉर्मचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागितले, तर तिथून उठा. आम्ही कन्सल्टंटची फी कंपनीच्या खात्यातून भरतो. उमेदवारानं एक रुपयाही द्यायचा नसतो.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल माझं मत लोकांना वाटतं तितकं कडक नाही. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मालकच माणूस निवडतो, तिथे व्हॉट्सअ‍ॅप हाच सरळ रस्ता. फक्त फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलीत तर अक्षरं पुसट होतात. सोबत एक वाक्य असू द्या: नाव, कोणत्या कामासाठी, कुणी नंबर दिला. नुसतं 'हाय सर' पाठवून उत्तराची वाट पाहू नका. माझ्यासारखीच्या खासगी नंबरवर आलेली फाइल मात्र दिवसभराच्या मेसेजांखाली जाते आणि शोधायला कुणी बसत नाही. मेल राहतो.

मेलच्या विषयात पद, नाव, अनुभवाची वर्षं आणि गाव लिहा. आत सध्याचं काम, सध्याचा पगार, अपेक्षा आणि नोटीस पीरियड एवढ्या चार ओळी पुरतात. नाहीतर तेच विचारायला मला फोन करावा लागतो. फाइललाही नाव द्या, 'न्यू फायनल' नको. ड्राइव्हची लिंक पाठवू नका, परवानगी मागत बसायला वेळ नसतो. एकाच मेलमध्ये वीस कंपन्यांचे पत्ते असले, तर ते आम्हा सगळ्यांना दिसतात.

आणि कृपा करून आधार, पॅन, बँकेचं पासबुक रेझ्युमेला जोडू नका. किती मुलं ही सगळी कागदपत्रं एकाच फाइलमध्ये जोडून पाठवतात! वर सांगितलेला तो सगळा प्रवास आठवा. तुमचा आधार नंबर तितक्याच मोबाईलवर जाऊन बसतो. ऑफर हातात आल्यावर ही कागदपत्रं कंपनी स्वतः मागते.

आता गेटबद्दल. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली आयटीआयची मुलं आजही चाकण-रांजणगावला एकेका गेटवर कागद देत हिंडतात. 'आता सगळं ऑनलाइन आहे' म्हणून त्यांना परतवणं मला मान्य नाही. ऑपरेटरच्या आणि हेल्परच्या जागा आम्ही अजूनही सिक्युरिटीकडच्या गठ्ठ्यातून भरतो आणि तो गठ्ठा मी स्वतः चाळते. अशा कागदावर सगळ्यात वर ट्रेड, पास झाल्याचं वर्ष आणि फोन ठळक लिहा. तिन्ही शिफ्ट चालतील का, तेही. मूळ प्रमाणपत्र गेटवर कधीच सोडू नका, झेरॉक्स द्या. अ‍ॅप्रेंटिसशिप हवी असेल तर कागदासोबत केंद्र सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणीही करून ठेवा, कारण करार तिथूनच होतो.

हे सगळं उमेदवारांनाच सांगायचं, हेही बरोबर नाही. आम्हा कंपन्यांकडून खूप चुकतं. जाहिरातीत ना पगार, ना जागा, ना कसा अर्ज करायचा ते. पोर्टलवर रेझ्युमे घ्यायचा आणि मग त्यातलीच माहिती पुन्हा वीस रकान्यांत टाइप करायला लावायची. आणि अर्ज पोचल्याचं साधं उत्तरही नाही. मोबाईलवर, मोजक्या डेटात अर्ज भरणाऱ्या मुलाचा तासभर आपण सहज वाया घालवतो. आमच्याकडे आता निदान पोच जाते. त्यासाठी मला बरंच भांडावं लागलं.

शेवटचं एक, कारण इथे खूप जणांची संधी हुकते. रेझ्युमेवरचा नंबर चालू ठेवा, गावी नेटवर्क नसेल तर घरातला दुसरा नंबरही लिहा, आणि अर्ज केल्यावर काही दिवस अनोळखी नंबर उचला. आमच्या कंपनीचा बोर्ड नंबर अनेकांच्या मोबाईलवर स्पॅम म्हणून दिसतो. दोनदा लावून फोन उचलला नाही, की यादीतल्या पुढच्या नावाला लागतो.